मदत हवी आहे: भाच्याच्या मनगटाच्या ग्रोथ प्लेटला लागलंय, तालीम कधी सुरू करायची?

नमस्कार मंडळी. भाचा १३ वर्षांचा, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, रोज तालमीत जातो. जोडीदारानं ढाक हा कुस्तीचा डाव लावला आणि हा उजवा हात टेकून मातीत पडला, बघता बघता मनगट सुजलं. ऑर्थोपेडिककडं नेलं, हाड थोडं सरकलं होतं ते भूल देऊन जाग्यावर बसवलं आणि प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले ग्रोथ प्लेटला लागलंय, टाइप टू आहे, घाबरू नका पण प्लास्टर काढल्यावरही दाखवत राहा. बाहेर पेशंटची ही गर्दी, त्यामुळं जास्त विचारता आलं नाही. ताई तेव्हापासून एकच धरून बसलीय, पोराचा हात आखूड राहणार काय.

मला जेवढं कळलंय ते लिहितो, जाणकारांनी तपासून सांगा. हाड जिवंत असतं, आत कोलॅजनची जाळी आणि तिच्यात कॅल्शियम फॉस्फेट बसलेलं, जाळीमुळं हाड थोडं लवतं आणि क्षारांमुळं कडक राहतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत, रक्ताला कमी पडलं की तिथूनच उचललं जातं. रक्तपेशीसुद्धा हाडातल्या लाल मज्जेत तयार होतात, म्हणजे हाडाचं काम शरीर उभं धरण्यापुरतं नाही. आणि लहान पोरांत लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा पातळ थर असतो, तिथं नवीन पेशी तयार होत जातात, त्यांचं हाड होत जातं आणि हाड लांबीला वाढतं. हीच ग्रोथ प्लेट.

कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून मनगटाच्या जरा वर आडवी काळी रेघ दिसते. ती बघून आजी रडायलाच लागली, हाडाचे दोन तुकडे झाले म्हणून. डॉक्टरांनी चांगल्या हाताचाही एक्स-रे काढला होता, त्यातही तशीच रेघ दाखवली तेव्हा कुठं शांत झाली. खरी मोड म्हणजे त्या रेघेच्या वरच्या अंगाला कोपऱ्यातला बारका तिरका टवका, बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळतच नाही.

आता अडलंय असं, की वस्ताद म्हणतात प्लास्टर निघालं की हळूहळू जोर सुरू करू, पोरगंही ऐकत नाही, आणि पाहुण्यांतले एक जण म्हणतायत प्लास्टर काढून गावाकडच्या हाडवैद्याकडं न्या, तो तेल लावून चोळतो आणि कामट्या बांधतो. त्यातच व्यायामानं उंची खुंटते असंही कोण कोण सांगतंय. काय करावं? ज्यांच्या घरी असं झालंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच. आधी ताईंना सांगा की टाइप टू हा या दुखापतींमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आणि बहुतेक पोरांत तो नीट भरून येतो. हे प्रकार साल्टर आणि हॅरिस या टोरांटोच्या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये पाच गटांत मांडले. टाइप टूमध्ये चीर ग्रोथ प्लेटमधून जाते आणि हाडाच्या दांड्याकडं वळून एक कोपरा उचलते, तुम्ही पाहिलेला टवका तोच. ज्या पेशींमुळं लांबी वाढते त्यांचा थर टोकाच्या बाजूला असतो, तो सहसा वाचतो. पण सहसा म्हणजे नेहमी नाही. अंगठ्याकडच्या हाडाची साधारण तीन चतुर्थांश वाढ मनगटाजवळच्या याच प्लेटमधून होते. तिथं कूर्चेच्या जागी हाडाचा पूल तयार झाला तर हे हाड थांबतं, करंगळीकडचं वाढत राहतं आणि मनगट तिरकं व्हायला लागतं. हे पहिल्या महिन्यात दिसत नाही, म्हणून दुखायचं थांबलं तरी पुढचे एक्स-रे चुकवू नका. मुलांत ही प्लेट साधारण १६ ते १८ वर्षांपर्यंत उघडी असते, म्हणजे याची वाढ अजून बरीच बाकी आहे.

जोर मात्र घाईनं नको. जोर मारताना मनगट पूर्ण मागं वाकलेलं असतं आणि अंगाचं वजन बरोबर त्याच प्लेटवर येतं. मोडल्या जागी आधी रक्त गोठतं, मग मऊ कॅलस म्हणजे मोड सांधणारा नवा थर, मग कडक कॅलस, आणि त्याला मूळचा आकार यायला कित्येक महिने लागतात. प्लास्टर निघणं म्हणजे हाड पक्कं होणं नव्हे. आधी मनगट सगळीकडं न दुखता फिरलं पाहिजे, मुठीत ताकद आली पाहिजे, मग जोर, आणि लढत सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. बेताच्या व्यायामानं उंची खुंटत नाही, उलट हाडावर ताण आला की ते तिथं घट्ट होतं. खुंटते ती त्या एका हाडाची वाढ, तीही प्लेट दुखावून दुर्लक्ष केलं तर.

प्रतिसाद २
हाडवैद्याचं अजिबात नको भावा. बसवलेलं हाड चोळण्यानं परत सरकू शकतं आणि कामट्या आवळून बांधल्या की आतल्या स्नायूंचं रक्त अडतं. प्लास्टरमध्येसुद्धा बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा बोट सरळ करताना प्रचंड दुखलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री असला तरी दवाखाना गाठा.

प्रतिसाद ३
एक राहिलं. हाड जुळायला म्हणून पोराला समोर म्हैस पिळून देतात त्या कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजत असाल तर थांबवा, उकळूनच द्या. उकळल्यानं कॅल्शियम कुठं जात नाही, आणि कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला नावाचा जंतू मणका आणि सांधेच धरतो. जोडीला नाचणीची भाकरी, अंडी. शाळा, क्लास, तालीम सगळं छपराखाली चालतं, तेव्हा ड जीवनसत्त्व तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा, ते कमी असलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार, ताईला आत्ताच सगळं वाचून दाखवलं. फिजिओ ताई, आमच्या तालमीत याच्याएवढी आणि याच्यापेक्षा बारकी पोरं बरीच आहेत, आणि मनगट दुखतंय म्हटलं की आवळून पट्टी बांधून परत मातीत उतरतात. वस्ताद ऐकून घेणारे आहेत, मी त्यांच्याशी बोललोय. एखाद्या रविवारी येऊन पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना हेच सांगाल का? दोन्ही हातांचे एक्स-रे मी घेऊन येतो.