झडप अरुंद असताना आईचा रक्तदाब कसा वाढतो?

प्रश्न (तासगाव):
नमस्कार. माझी आई 54 वर्षांची आहे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजण्याचा ताप आला होता, त्यातून तिच्या हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झाली. गेल्या आठवड्यात सांगलीला रक्तदाब 160/100 निघाला. संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो. झडपेतून रक्त कमी पुढे जात असेल, तर दाब उतरायला हवा ना? डॉक्टर 'संप्रेरकांमुळे पाणी साठते' एवढेच म्हणाले.

उत्तर 1 (मिरज):
आपली शंका रास्त आहे. केवळ मायट्रल झडप अरुंद झाल्याने हातावर मोजला जाणारा दाब सहसा वाढत नाही. झडपेमुळे वाढतो तो फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब. हातावरचा दाब हा बहुधा या वयात अनेकांना जडणारा स्वतंत्र विकार असावा. पाणी साठते ते मात्र संप्रेरकांमुळेच. मूत्रपिंडाकडे रक्त कमी आले की शरीरातले पाणी घटले असा त्याचा समज होतो आणि ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन 1 बनवते, त्याचे मुख्यतः फुप्फुसांत अँजिओटेन्सिन 2 होते, आणि ते रक्तवाहिन्या आवळते, शिवाय मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवते, मिठामागे पाणी थांबते. आधीच दाब असलेल्या माणसाला हे जास्तच जड जाते.

उत्तर 2 (कराड):
याच्या उलट काम करणारे संप्रेरक हृदयच तयार करते. अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) ताणले गेले की एएनपी नावाचे हे संप्रेरक स्रवते, वाहिन्या सैल होतात आणि मीठ लघवीवाटे निघून जाते. 1981 मध्ये संशोधक डी बोल्ड यांनी उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांची लघवी वाढलेली दिसली. झडपेच्या रुग्णांत हे संप्रेरक भरपूर असते, परंतु हृदय थकत गेले की मूत्रपिंड त्याला पुरेशी दाद देत नाही.

उत्तर 3 (सातारा):
कळकळीने विचारते, आई सांधेदुखीवर दुकानातून आणलेली गोळी घेतात का? आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी मीठ-पाणी साठते, दाब चढतो आणि लघवीच्या गोळीचा गुणही कमी पडतो. लोणचे-पापड बंद ठेवावेत, रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहून ठेवावे. रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी मात्र स्वतःहून सुरू करू नये. झडप फार अरुंद असेल तर दाब एकाएकी कोसळू शकतो.

प्रश्नकर्ता:
होय ताई, गुडघ्यांसाठी ती रोज एक डायक्लोफेनॅक घेते आणि हे आम्ही डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. आज ते पाकीट तिच्या फाइलमध्ये घातले आहे, उद्या सकाळीच त्यांना दाखवतो.