नदीच्या पात्रापेक्षा पेढीचा केर बरा

पाठीवर अडकवायचा व्हॅक्यूम घेतला की कृष्णा-कोयनेच्या पात्रातल्या खडकांच्या भेगांतूनही सोने ओढून काढता येईल, असे काही जण म्हणतात. यंत्रापुरते ते पटते, नदीपुरते मुळीच नाही. सोने पाण्याच्या १९.३ पट आणि साधी वाळू साधारण २.६५ पट जड असल्याने सोन्याचे कण भेगेच्या तळाशी जाऊन बसतात, आणि जिथे फावडे पोचत नाही तिथे, खडक कोरडा असेल तर, हे यंत्र उपयोगी पडते. परंतु आपल्याकडचा खडक बेसाल्टचा आहे, सोन्याच्या शिरांचा नव्हे. पात्रातली काळी, जड वाळू बहुतांशी मॅग्नेटाइट या लोहखनिजाची असते आणि ती लोहचुंबकाला चिकटते, एवढेच.

व्हॅक्यूमला इथे खरे काम आहे ते सोनाराच्या पेढीवर. पूर्वी झारेकरी पेढीसमोरच्या गटारातली मातीसुद्धा धुऊन सोने काढत, आणि विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक तर सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. माझ्या मेहुण्यांच्या सांगलीतल्या पेढीवर व्हॅक्यूमची नळी आधी झाकणबंद बादलीत जाते आणि मोटर त्यानंतर येते, त्यामुळे जड कण बादलीतच पडतात. कानशीचा अगदी बारीक चुरा मात्र पुढे जाऊन फिल्टरच्या कागदात अडकतो. म्हणून तो कागद कधीही फेकला जात नाही, केराबरोबरच जाळून त्याची राख गलाईला दिली जाते.