चयापचय म्हणजे पचनच ना?

ऐरोलीकर:
घणसोलीच्या जिममधला ट्रेनर सारखं म्हणतो तुमचं मेटाबॉलिझम स्लो आहे, आणि मुलीच्या पुस्तकात त्यालाच चयापचय लिहिलंय. अपचय म्हणजे अपचन का? आणि तो चयापचय की ते?

ठाणेकर:
तो चयापचय. अपचनाशी काही संबंध नाही हो. संचय मधला जो चय तोच इथे, म्हणजे रचणं, साठवणं, आणि अपचय म्हणजे तुटणं, झिजणं. पेशी ग्लुकोज फोडते तो अपचय, त्यातून मिळालेल्या एटीपीवर (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) प्रथिनं, चरबी बांधते तो चय. पचन पोटात-आतड्यात होतं, हे प्रत्येक पेशीत चालतं. बॅक्टेरियाला कुठे पोट असतं, पण चयापचय आहेच.

कोपरीची:
बांधणं नि तोडणं उलट कामं, मग एकाच शब्दात का?

ठाणेकर:
कारण वाटा एकमेकींत गुंतल्यात, आणि मला तर हा जोडशब्द म्हणूनच फार आवडतो. ग्लुकोज तुटून त्याचं पायरुवेट (अर्ध्या आकाराचा रेणू) व्हायला 10 पायऱ्या, प्रत्येकीला वेगळं एन्झाइम, म्हणजे ती अभिक्रिया घडवणारं प्रथिन, हाती निव्वळ 2 एटीपी. पायरुवेटच्या पुढचं अभिक्रियांचं चक्र हान्स क्रेब्सने 1937 मध्ये मांडलं, ते आपल्यात इंधन जाळतं पण त्यातलाच माल मधूनच उचलून अमिनो आम्लंही बनतात, आणि काही बॅक्टेरिया तर तेच चक्र उलटं फिरवून कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय रेणू तयार करतात.

कोपरीची:
एवढं सगळं सुरू कसं झालं पण? एन्झाइम बनवायलाच चयापचय लागतो ना.

ठाणेकर:
खरा पेच तोच आहे. 2014 मध्ये केंब्रिजला मार्कुस राल्सरच्या टीमने आदिम समुद्रासारख्या लोहाच्या पाण्यात साखरेचे फॉस्फेट तापवले, एन्झाइम एकही नाही, तरी ग्लायकोलिसिससारख्या, म्हणजे वरच्या 10 पायऱ्यांसारख्या अभिक्रिया झाल्या, पायरुवेटसुद्धा मिळालं. म्हणजे रस्ता आधी, एन्झाइम नंतर, असं असू शकतं. पण मुळात त्या साखरा कुठून आल्या हे त्यातून सुटत नाही.
ऐरोलीकर, तुमच्याच खाडीवर ओहोटीला चिखल जरा उकरून बघा, खाली काळाकुट्ट नि सडक्या अंड्याचा वास. तिथले बॅक्टेरिया ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतात, सुटलेला हायड्रोजन सल्फाइड लोहाला मिळून ते काळं होतं. आणि आपल्या क्रेब्स चक्रातल्या एका एन्झाइमच्या, अ‍ॅकोनिटेजच्या आतही लोह नि गंधकाचेच अणू बसलेत, म्हणून अशा खनिजांवरच हे सुरू झालं असावं असं काही संशोधक मानतात.

ऐरोलीकर:
बापरे, उद्याच जातो. आणि ट्रेनरचं वाक्य मराठीत कसं म्हणायचं?

ठाणेकर:
"चयापचयाचा वेग कमी आहे." नुसतं "चयापचय कमी" नको.