लिनक्सची कमांड लाइन आणि एडिटर: सुरुवात कुठून करू? (नागपूर)

कळमन्याचा_पोरगा
नमस्कार दादा-ताईंनो. बी.कॉम. नागपुरातच झालं, आता एमसीए करून राहिलो. या सेमला लिनक्स आणि सी भाषा आहे. लॅबमध्ये सर काळ्या स्क्रीनवर भराभर टाइप करतात, आम्ही नुसतं वहीत उतरवून घेतो. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी. विंडोज काढून उबुंटू टाकू का? एडिटर कोणता धरू: नॅनो, व्हिम की इमॅक्स? आणि सीताबर्डीत एका महिन्याचा क्लास आहे, तो लावू का? मराठीतून काही असेल तर फार बरं होईल, दहावीपर्यंत मराठी शाळेतच होतो. बाबा कळमना मार्केटला संत्र्याच्या अडतीवर हिशोब पाहतात. तो एक्सेलमध्ये मी भरतो, कॉम्प्युटरची सवय तेवढीच.

धरमपेठ_ताई
विंडोज काढू नकोस. पॉवरशेल (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' दे आणि लॅपटॉप रीस्टार्ट कर. विंडोजच्या आतच उबुंटू मिळेल, ८ जीबीत नीट चालतं. फक्त सी चे प्रोग्राम उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेव. विंडोजची सी ड्राइव्ह तिथून दिसते, पण तिच्यावरच्या फाइलींचं काम हळू होतं.

क्लासचे पैसे आत्ता ठेव. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहा. त्यात लिनक्सचे छोटे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत, फुकट. व्हिडिओ थांबवायचा, तीच कमांड स्वतः द्यायची, मग पुढे जायचं. नुसतं पाहून हाताला काही लागत नाही.

सर्व्हरवाला_हिंगणा
ताईंनी सांगितलं ते बरोबर. मी एडिटरचं सांगतो.

पहिले काही दिवस नॅनो वापर. खाली पट्टीवरच बटणं लिहिलेली असतात, शिकायला काही नाही. पण परीक्षा संपेपर्यंत व्हिम हातात बसलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कारण नोकरीत ज्या सर्व्हरवर शिरशील तिथे बाकी काही असो-नसो, व्हीआय, म्हणजे ज्याच्यावरून व्हिम निघाला तो जुना एडिटर, बहुधा असतोच. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकातच तो आहे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास तो लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए टर्मिनल (स्क्रीन-कीबोर्डचं यंत्र) होतं. त्याच्या एच, जे, के, एल या बटणांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही कर्सर त्याच चार बटणांनी हलतो. हे माहीत असलं की ती बटणं पाठ करायचा कंटाळा येत नाही.

टर्मिनलमध्ये 'व्हिमट्यूटर' टाइप कर. साधारण अर्ध्या तासाचा धडा आहे, व्हिमच्या आतच उघडतो. रोज एकदा, सलग आठवडाभर कर. 'आय' दाबून लिहायचं, एस्केपने बाहेर यायचं, ':डब्ल्यूक्यू'ने सेव्ह करून बंद करायचं. 'डीडी'ने ओळ जाते, 'यू'ने परत येते. सी च्या लॅबला एवढं पुरतं. आणि कधी कंट्रोल-एस दाबलं गेलं आणि स्क्रीन गोठली तर घाबरू नको, कंट्रोल-क्यू दे, चालू होईल. इमॅक्स चांगला आहे, पण दोन्ही एकदम धरू नकोस.

धरमपेठ_ताई
एडिटरपेक्षा मोठी गोष्ट पाइप, म्हणजे '|' हे चिन्ह आहे, ती राहून जाऊ नये. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या सिस्टिमच्या धर्तीवर बनलं तिच्यात, घातली. एका कमांडमधून निघालेलं दुसरीत जातं. पुस्तकातली उदाहरणं सोड, बाबांचा हिशोबच घे. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह कर आणि आधी कॉपी काढ. 'आरएम'ने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

समज, दुसऱ्या रकान्यात गाव आहे. मग:

कट -डी, -एफ२ भाव.सीएसव्ही | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर

काटोल, नरखेड, वरुड, कुठून किती वेळा माल आला ते उतरत्या क्रमाने समोर येईल. 'युनिक'च्या आधीचा सॉर्ट गाळून पाहा. 'युनिक' फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करतो, म्हणून एकच गाव चार ठिकाणी दिसेल. हे डोळ्यांनी पाहिलंस की कायमचं लक्षात राहतं. प्रत्येक पाइपनंतर थांबून तिथवरचं आउटपुट बघत जा. कमांडबद्दल शंका आली की 'मॅन सॉर्ट', 'मॅन युनिक'. बाहेर पडायला 'क्यू'. इंग्रजी साधंच असतं, पहिला परिच्छेद आणि पर्याय वाचलेस तरी चालेल.

कळमन्याचा_पोरगा
ताई, जमलं! बाबांना गावांची यादी दाखवली, त्यांनी लगेच विचारलं, मृग बहाराचा माल किती वेळा आला? बहार शेवटच्या रकान्यात आहे. शब्द शोधायची कमांड 'ग्रेप मृग' दिली तर ओळी येतात, पण 'मृग$' दिलं तर एकही नाही. $ म्हणजे ओळीचा शेवट ना? मराठी अक्षरांमुळे होऊन राहिलं का?

सर्व्हरवाला_हिंगणा
मराठीचा दोष नाही भाऊ, ग्रेपला देवनागरी चालते. 'फाइल भाव.सीएसव्ही' अशी कमांड दे, उत्तरात 'सीआरएलएफ' दिसेल. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं टाकतं, युनिक्स एकच. ते जास्तीचं, न दिसणारं चिन्ह 'मृग' आणि ओळीचा शेवट यांच्या मधे बसलं आहे. असं काढ:

टीआर -डी '\आर' < भाव.सीएसव्ही > भाव२.सीएसव्ही

नवीन फाइलीला वेगळंच नाव दे. तेच नाव दिलंस तर शेल (कमांडी चालवणारा प्रोग्राम) आधी फाइल रिकामी करतं आणि मगच टीआर चालू होतो. आता भाव२ वर 'ग्रेप -सी' दे, 'मृग$' सकट. सरळ आकडाच मिळेल, बाबांना सांगून टाक.