अनुभव धागा: जुनं घर घेऊन खोल्या भाड्यानं देणारे, या इकडं

लातुरात जुन्या वस्तीत पाच खोल्यांचं घर बघून आलोय. थोडी शिल्लक, बाकी कर्ज. मालक म्हणतात, रंग मारला की पोरं रांग लावतील, भाड्यातूनच हप्ता फिटेल. घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, "नळ कधी येतो?" नेमकं तेच विचारायचं राहिलं होतं. असं घर घेतलेल्यांनी लिहा. फसलेल्यांनी आधी.

लातूर, सहा खोल्या
२०१४ ला घेतलं, अकरावी-बारावीच्या पोरांसाठी. मिस्त्री हातोडी घेऊन स्लॅब ठोकत फिरला. टण वाजलं की पुढं, बद्द वाजलं की खडूनं गोल. तिसऱ्या खोलीत नुसते गोलच गोल. प्लास्टर पाडलं तर गजाचे पापडासारखे पदर सुटले. वरच्या मोरीचं पाणी किती वर्षं मुरत होतं देव जाणे. दोन लाख धरले होते, साडेचार गेले.

पण खरा दणका २०१६ ला. बोअर आटला. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. माझ्याकडं बारा पोरं आन् दोन बॅरल. पोरांनी बादल्यांवर ऑइलपेंटनं नावं टाकली, तरी भांडणं व्हायचीच. उन्हाळ्यात गावी गेलेली सात जण परत आलीच नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याला येत राहिला. नंतर गच्चीचं पाणी गाळून बोअरमधी सोडलं. आता खोली दाखवताना मी आधी टाकीचं झाकण उघडतो.

वाळूजजवळ, आठ खोल्या
दादा, आमच्याकडं कंपनीतली पोरं. मीटर एकच होतं. बिल आठ जणांत वाटायचं, आन् कूलर लावणारा एकच! शेवटी प्रत्येक खोलीला सबमीटर लावले तेव्हा शांतता झाली. संडासाची टाकीही उघडून बघा. आमची शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली. त्यावर जास्त लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

संभाजीनगर
गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटवरचं असेल, तर नियमित झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका. "करून देतो" हा कागद नव्हे. माझी फाईल बँकेनं ह्याच मुद्द्यावर परत केली, मग पतसंस्थेतून जास्त व्याजानं काढावं लागलं.

औसा तालुका
आमचं दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. बाहेरून वाडा झकास. दोन खोल्या भाड्यानं द्यायचा बेत होता. आई म्हणाली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात अशाच भिंतींखाली माणसं गेली, दुसऱ्याचं लेकरू इथं झोपवायचं नाही. वाडा उतरवला. सागवानी तुळ्या विकून पायाचा खर्च निघाला, एवढंच समाधान.

नांदेड
घर रिकामं आहे का, हे रात्री जाऊन बघा. दिवसा मला "सामान ठेवलंय" म्हणून दाखवलेल्या खोलीत एक आजी चाळीस वर्षं राहत होत्या, भाडं दीडशे रुपये. मराठवाड्यात आधी हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा होता, २००० पासून महाराष्ट्राचा लागू झाला. पण मालक बदलला म्हणून जुना भाडेकरू निघत नाही, हे दोन्हीकडं सारखंच. वकिलानं फी घेऊन हेच सांगितलं. आजी अजून आहेत. दिवाळीला करंज्या पाठवतात, बोलायचं काय?

नवीन भाडेकरूंचा मात्र अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी करतो. नोटरीवर भागतं म्हणणारे खूप भेटतील. भागत नाही.

परभणी
भाऊ, एक बरी गोष्टपण लिहिते. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर आयकरात ३० टक्के वजावट सरळ मिळते, डागडुजीच्या पावत्या असोत नसोत. आमच्या ह्यांनी सिमेंटची बिलं चार वर्षं फायलीत लावून ठेवली होती.

धागा काढणारा
काल संध्याकाळी परत गेलो. शेजारच्या मावशी ओट्यावर बसल्या होत्या. नळाचं विचारलं. म्हणाल्या, "घर घ्यायलाव का? मग बरं केलाव इचारलाव. तुमी तिसरे."
पहिल्या दोघांचं काय झालं, तेवढं विचारून लिहितो.