ऑस्ट्रेलियन गुन्हेकथा: कोणत्या क्रमानं वाचाव्यात, परीक्षण कसं लिहावं?

येरळाकाठ (सांगली)

आमच्या वाचक गटानं पुढचे सहा महिने ऑस्ट्रेलियन गुन्हेकथा घ्यायचं ठरवलं आहे. महिन्याला एक पुस्तक आणि त्यावर वाचनालयाच्या पत्रकात ६०० शब्दांचं परीक्षण. गटात बारा जण आहेत, त्यातले निम्मे जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचे. इंग्रजी सगळे वाचतात, तरी काही गोष्टींवर अडतंय.

सहा पुस्तकं कोणती आणि कोणत्या क्रमानं? स्टेशन, डॅम, क्रीक असे ओळखीचे शब्द भलत्याच अर्थानं येतात, ते कसे लावायचे? पोलिसांची उतरंड आपल्यासारखी दिसत नाही, मग मराठीत हुद्दे कसे लिहायचे? आणि मुख्य अडचण म्हणजे परीक्षण लिहिताना रहस्य फुटतं. जपून लिहावं तर हाती नुसतं ‘उत्कंठावर्धक’ उरतं.

माणदेशी (दहिवडी)

सुरुवात जेन हार्परच्या ‘द ड्राय’पासून (२०१६) करा. कीवारा हे व्हिक्टोरिया राज्यातलं कल्पित गाव. दोन वर्षं पाऊस नाही, शेतकरी कर्जात, आणि एका शेतकरी कुटुंबातली तीन माणसं मेलेली सापडतात. बालमित्राच्या अंत्यविधीला आलेला एरन फाल्क वीस वर्षांनी गावाची नदी बघायला जातो, तर नदीच नाही, कोरडं पात्र. याच नदीत त्याच्या तरुणपणी एक मुलगी बुडून मेली होती आणि गावानं संशय त्याच्यावर घेतला होता. ते पान गटात मोठ्यानं वाचा. जुन्या गुन्ह्याची जागाच आटून गेलीय. आटपाडीच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं, गॅरी डिशरचं ‘बिटर वॉश रोड’ (२०१३). हर्शहाउजन हा ॲडलेडहून पदावनत होऊन आलेला कॉन्स्टेबल, एकट्यानं चौकी चालवतो. पुढे कचेरी, मागे राहायची खोली. हे वाचण्याआधी गॉयडर रेषा माहीत करून घ्या. जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकानं १८६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला पीक भरवशाचं, उत्तरेला फक्त जनावरं चारावीत. ही रेषा साधारण २५० मिलिमीटर पावसाची. पुढे चार चांगली वर्षं आली तशी माणसं रेषा ओलांडून गेली, नांगरट केली आणि दुष्काळात उठली. त्यांच्या दगडी घरांचे सांगाडे अजून उभे आहेत. डिशरची मालिका त्याच पट्ट्यातली आहे, त्यामुळे तिच्यातलं ओसाड घर हा नुसता देखावा नसतो. आपल्याकडे महाबळेश्वरचा पाऊस आणि म्हसवडचा पाऊस एकाच जिल्ह्यात बघायला मिळतो, तेव्हा पर्जन्यछाया म्हणजे काय ते तुमच्या गटाला कळेलच.

मग हार्परचंच ‘द लॉस्ट मॅन’ (२०१८), चौथं ख्रिस हॅमरचं ‘स्क्रबलँड्स’ (२०१८), पाचवं पीटर टेम्पलचं ‘द ब्रोकन शोअर’ (२००५). टेम्पल मुद्दाम उशिरा ठेवलाय. त्याची वाक्यं तोडलेली असतात, संवादात कोण बोलतंय ते सांगितलेलं नसतं आणि दोन ओळींमधलं वाचकानं भरायचं असतं. आधीच्या चार पुस्तकांनी शब्द आणि वातावरण अंगवळणी पडलं की तो झेपतो. त्याच्या ‘ट्रुथ’ला २०१० मध्ये माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला. तो तिकडचा मानाचा साहित्यिक पुरस्कार, गुन्हेकथेसाठी राखलेला नव्हे.

सहावं निकोल वॉटसनचं ‘द बाउंडरी’ (२०११). ब्रिस्बनमध्ये ॲबोरिजिनल लोकांचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा, जमिनीच्या मूळ हक्काचा दावा फेटाळला जातो आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा खून होतो. लेखिका स्वतः ॲबोरिजिनल आणि वकील आहे.

विकत घेताना एक सांभाळा. ‘बिटर वॉश रोड’ अमेरिकेत ‘हेल टू पे’ नावानं निघालं, आणि हॅमरचं ‘ट्रेझर अँड डर्ट’ ब्रिटनमध्ये ‘ओपल कंट्री’ झालं. दोन नावं बघून एकच पुस्तक दोनदा घेतलं जातं. हॅमरचं ‘सिल्व्हर’ मात्र ‘स्क्रबलँड्स’च्या आधी वाचू नका, पहिल्यातलं बरंच त्यात उघडं पडतं.

संगम (कराड)

यादी चांगली आहे, पण बहुतेक धुळीचीच झाली. गटाला वाटेल ऑस्ट्रेलियात खून फक्त दुष्काळात होतात. तिथली बहुतेक वस्ती किनाऱ्यावरच्या शहरांत आहे आणि शहरी गुन्हेकथेची परंपरा ग्रामीण लाटेच्या कितीतरी आधीची. फर्गस ह्यूमचं ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ मेलबर्नमध्ये १८८६ ला निघालं, म्हणजे शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीच्या वर्षभर आधी. त्याच्याही आधी, १८६५ मध्ये, एलन डेव्हिटची ‘फोर्स अँड फ्रॉड’ क्रमशः छापून आली होती. म्हणून ‘स्क्रबलँड्स’च्या जागी पीटर कॉरिसचं ‘द डाइंग ट्रेड’ (१९८०) घ्या. सिडनीचा खाजगी गुप्तहेर क्लिफ हार्डी त्यात पहिल्यांदा येतो. आकारानं लहान आहे आणि महिनाभरात दोनदा वाचून होतं.

आता शब्द. शब्दकोश उघडून फसगत होते, कारण शब्द इंग्रजीच आहेत, अर्थ तिथला आहे.

डॅम म्हणजे बहुतेक वेळा शेततळं. कोयना डोळ्यांपुढे आणू नका. ‘डॅममध्ये प्रेत सापडलं’ याचा अर्थ एका शेतकऱ्याच्या मालकीच्या तळ्यात सापडलं, आणि मग संशय कुणाकडे वळतो तेही लगेच कळतं. ‘धरणात’ असं भाषांतर केलंत की दुवाच तुटला. क्रीक म्हणजे ओढा, खाडी नव्हे; आणि तो वर्षातले बरेच महिने कोरडा असतो. स्टेशन म्हणजे गुरांचं किंवा मेंढ्यांचं अवाढव्य रान. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे एकच स्टेशन अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. पॅडॉक म्हणजे कुंपण घातलेला तुकडा, पण तो शेकडो एकरांचाही असू शकतो. मॉब हा मेंढ्यांचा कळप, आणि ॲबोरिजिनल लोक आपल्या माणसांनाही मॉब म्हणतात. तिथे ‘जमाव’ लिहिलंत तर अर्थ पार उलटा होतो. यूट म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप. टी हे पुष्कळदा रात्रीचं जेवण. ‘सहाला टीला ये’ हे वाक्य एखाद्याच्या जबानीत आलं आणि तुम्ही चहा धरलात, की सगळं वेळापत्रक कोलमडलं.

गम ट्री म्हणजे आपली निलगिरी. पानांत तेल, झाडाखाली वाळलेल्या सालींचा खच, म्हणून वणवा इतक्या झपाट्यानं पसरतो. आणि ऋतू उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, नाताळ भर उकाड्यात. ७ फेब्रुवारी २००९ च्या व्हिक्टोरियातल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यानंतरच्या कादंबरीत नुसता धुराचा वास आला तरी तिथल्या वाचकाला काय आठवतं, हे ध्यानात ठेवा.

तिसरा पंच (सातारा)

पोलिसांबद्दल. प्रत्येक राज्याचं पोलीस दल वेगळं, वर एक संघराज्याचं. कादंबरी कोणत्या राज्यात घडते ते पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवा, कारण हद्द ओलांडली की अधिकार बदलतो आणि पुष्कळ कथानकं त्याच फटीत बसवलेली असतात.

हुद्दे भाषांतरित करू नका. हर्शहाउजनला ‘हवालदार’ लिहिलंत तर आपल्या वाचकापुढे साहेबाच्या मागे उभा असलेला माणूस येतो. तिकडचा कॉन्स्टेबल गस्त घालतो, जबान्या घेतो, छोट्या गुन्ह्यांचा तपासही करतो. त्याची चौकी आपल्या दूरक्षेत्रासारखी, फक्त माणूस एकच. खुनासारखं प्रकरण आलं की शहरातून खास पथक येतं आणि स्थानिक माणूस रस्ता अडवायला उभा राहतो. गाव ओळखणारा एक आणि अधिकार असणारा दुसरा, या ताणावर निम्म्या कथा चालतात. परीक्षणात तो ताण दिसायला हवा.

कॉरोनर हा न्यायाधीशासारखा अधिकारी. संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणं हे त्याचं काम, शिक्षा देणं नव्हे. आपल्याकडे मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होतं. त्याच्या चौकशीला ‘खटला’ म्हणू नका. आणि फाशी: तिथली शेवटची फाशी १९६७ ची, मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगात. म्हणजे आजच्या काळातल्या कथेत ‘गुन्हेगार फासावर जाईल का’ असा प्रश्न परीक्षणात टाकणं साफ चूक.

येरळाकाठ (सांगली)

फार उपयोग झाला. शब्दांचा कागद सगळ्यांना वाटतो. आर्थर अपफील्डची जुनी पुस्तकंही वाचनालयात आहेत. ती घ्यावीत का? आणि ॲबोरिजिनल लोकांबद्दल लिहिताना ‘आदिवासी’ शब्द चालेल?

संगम (कराड)

एखादं घ्या, पण मुख्य सहांत नको. अपफील्डचा गुप्तहेर बोनी १९२९ पासूनचा, आई ॲबोरिजिनल आणि बाप गोरा. माग काढण्याची वर्णनं आजही पकड घेतात, पण रक्तामुळे स्वभाव ठरतो असं पानोपानी मानलेलं आहे आणि ते सरळ नाव घेऊन लिहावं लागेल. ‘त्या काळाचं होतं’ एवढ्यावर सोडू नका. ‘द सँड्स ऑफ विंडी’ (१९३१) घेतलंत तर त्यामागची खरी हकिगतही सांगा. प्रेत मागमूस न ठेवता नाहीसं कसं करावं, यावर अपफील्ड कादंबरीसाठी भोवतालच्या माणसांशी बोलत होता. त्यांतल्या एकानं, स्नोई रोल्सनं, ती युक्ती प्रत्यक्षात वापरली. राखेत सापडलेल्या लग्नाच्या अंगठीनं तो अडकला आणि १९३२ मध्ये फाशी गेला. खटल्यात अपफील्डची साक्ष झाली.

‘आदिवासी’ लिहिलंत की वाचक आपल्याकडची जातजमातीची चौकट लावतो. ‘ॲबोरिजिनल’च ठेवा आणि पुस्तकात विशिष्ट समूहाचं नाव असेल तर तेच वापरा. ‘द ब्रोकन शोअर’वर लिहिणाऱ्यानं एक संदर्भ जरूर द्यावा: कोठडीतल्या ॲबोरिजिनल मृत्यूंवरचा शाही आयोग. १९८७ ला नेमला, १९९१ ला अहवाल, ९९ मृत्यूंची तपासणी. कादंबरीत श्रीमंत म्हाताऱ्यावरच्या हल्ल्याचा संशय ॲबोरिजिनल पोरांवर जातो, तेव्हा पोलीस आणि गाव दोघांच्या मागे हे सगळं उभं असतं.

माणदेशी (दहिवडी)

आता परीक्षण. ६०० शब्दांत कथानकाला १२० पुरेत, आणि ते पुस्तकाच्या पहिल्या पाव भागातूनच घ्या. दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचकासारखं, फक्त ‘आत्ता माझा संशय कुणावर’ हे पान क्रमांकासह समासात. दुसऱ्यांदा उत्तर माहीत असताना प्रत्येक धागा कुठे पेरला ते शोधा. उत्तराला लागणारी गोष्ट शेवटच्या पन्नास पानांत पहिल्यांदा आली असेल तर लेखकानं वाचकाला फसवलंय. ते तसं लिहा, उदाहरण न देता.

मराठीत एक वेगळा सापळा आहे. इंग्रजीत ‘किलर’ म्हटलं की बाई की बुवा ते झाकलेलं राहतं. आपलं क्रियापद ते सांगून टाकतं. ‘खुनी शांतपणे घरी गेला’ लिहिलं की निम्मे संशयित बाद. म्हणून ‘खून करणारी व्यक्ती’ लिहा. व्यक्ती व्याकरणात कायम स्त्रीलिंगी, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. किंवा कर्मणी रचना करा: ‘दार आतून लावलं गेलं होतं.’

येरळाकाठ (सांगली)

‘द लॉस्ट मॅन’चा कच्चा खर्डा टाकतोय, बघा: ‘क्वीन्सलँडच्या वाळवंटात कॅमेरॉन ब्राइटचा खून होतो. थोरला भाऊ नेथन खुन्याचा शोध घेतो. वातावरणनिर्मिती अप्रतिम. शेवट अनपेक्षित आणि धक्कादायक.’

माणदेशी (दहिवडी)

चारही वाक्यं बदलायला हवीत. पहिल्यात ‘खून’ शब्दच नको. अपघात, आत्महत्या की घातपात हे लेखिका बराच काळ उघडं ठेवते आणि तुम्ही ते पहिल्याच ओळीत मिटवलंत. नेथन तपास अधिकारी नाही, त्याच्या मनात शंका साचत जातात, म्हणून ‘शोध घेतो’ खोटं ठरतं. ‘वातावरणनिर्मिती अप्रतिम’ हे कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येईल. इथे ऊन आणि अंतर हेच मृत्यूचं हत्यार आहे, ते दाखवा. आणि ‘अनपेक्षित’ म्हटलं की वाचक सगळ्यात निरुपद्रवी पात्रावर नजर ठेवून बसतो. ते वाक्य काढूनच टाका. असं लिहून बघा:

‘नाताळ तोंडावर आलाय. दोन भावांच्या जमिनींच्या हद्दीवर, एका जुन्या गुराख्याच्या थडग्यापाशी कॅमेरॉन मरून पडला आहे. तहानेनं. त्याची गाडी काही किलोमीटरवर उभी आहे, चालू स्थितीत, आत पाणी आणि खाणं भरलेलं. गाडी बंद पडली तरी ती सोडून चालायचं नाही, ही त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. कॅमेरॉनची तर बंदही पडली नव्हती.’

येरळाकाठ (सांगली)

हेच पहिला परिच्छेद म्हणून घेतो. उरलेल्या जागेत नेथनच्या एकटेपणावर लिहीन, आणि ‘स्टेशन’ला तळटीप देतो. ‘स्क्रबलँड्स’ की ‘द डाइंग ट्रेड’, हे रविवारी गटात हात वर करून ठरवू.