प्रतिसाद: घर तपासणीची कामं मिळवायची कशी?

विकत घ्यायच्या घरातले दोष तपासून देण्याची कामं मिळवायला घरविक्रीच्या एजंटला कमिशन द्या, असं इथं एकानं सुचवलंय. मला अजिबात पटत नाही. ज्याला सौदा उरकायचाय, त्याच्या ओळखीनं आलेला माणूस भेगा मोकळेपणानं लिहील का? त्यापेक्षा खरेदीची कागदपत्रं बघणारे वकील, सोसायटीचे सचिव यांच्याशी ओळख वाढवा.

लातूर-नांदेडकडं काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते नि त्यामुळं भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. अशा भेगेवर मोजपट्टी धरून काढलेला फोटो, मालकाला विचारून, गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलवरच्या आपल्या धंद्याच्या पानावर) टाका. सोबत लिहा: रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरनं 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा असतो. पाचवं वर्ष लागलेल्या सोसायट्यांना हे आधी कळवा, त्यांची मुदत संपत आलेली असते.